एपिड्युरलनंतरची पाठदुखी: मणक्यातला संसर्ग वेळेत ओळखायचा तर काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून पाठीतून एपिड्युरल घेतलेल्या बाळंतिणीची पाठ आठ-दहा दिवसांनी दुखायला लागली, की घरात एकच वाक्य ऐकू येतं: "पाठीत इंजेक्शन दिलंय, दुखणारच की!" बहुतेक वेळा ते खरंही असतं. क्वचित मात्र त्या दुखण्यामागे मणक्याच्या पोकळीत साचत चाललेला पू असतो, आणि तिथे आपला क्रम चुकतो. आधी मालीश, मग शेक, मग मेडिकलमधून आणलेली गोळी, मग गावातल्या दवाखान्यात एक इंजेक्शन, मग कमरेचा एक्स-रे आणि पाय लटपटायला लागले की सोलापूरचा मोठा दवाखाना. हा सगळा क्रम कसा बदलायचा, त्याचा हा लेख.

धोका किती, ते आधी सांगते. ब्रिटनमधल्या प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या माहितीपत्रकात एपिड्युरलनंतर मणक्यात पू होण्याचं प्रमाण ५०,००० मध्ये एक आणि मेनिंजायटिसचं (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाच्या संसर्गाचं) १,००,००० मध्ये एक असं दिलं आहे. तेव्हा या भीतीने एपिड्युरल नाकारू नका. पण जिला हे होतं, तिच्या बाबतीत उशीर तासांत मोजायचा असतो.

## टप्पा १: पाठीत नेमकं काय दिलं, ते लिहून घ्या

आपल्याकडे "कमरेतलं इंजेक्शन" या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी मोडतात. सिझेरियनसाठी बहुधा स्पायनल देतात: बारीक सुई, एकदाच टोचायची, औषध थेट मणक्यातल्या पाण्यात. एपिड्युरलची सुई जाड असते. ती त्या पाण्याच्या पिशवीच्या बाहेरच थांबवतात, तिच्यातून एक बारीक नळी आत सोडतात आणि ती नळी काही तास, मोठ्या ऑपरेशननंतर काही दिवस, पाठीत राहते. कधी दोन्ही एकत्र देतात. तिसरा प्रकार म्हणजे सायटिका किंवा गादी सरकल्यावर दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन. त्याच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

नळी जितकी जास्त वेळ आत, तितकी जंतूंना आत शिरायची संधी जास्त. जंतू बहुधा कातडीवरचेच असतात, त्यातही स्टॅफिलोकोकस ऑरिअस सर्वांत जास्त वेळा सापडतो. मेनिंजायटिसमध्ये मात्र अनेकदा तोंडातले स्ट्रेप्टोकोकस सापडतात. सुई टोचणाऱ्या डॉक्टरांनी नाक-तोंड झाकणारा मास्क लावायचा तो यासाठीच. नळीचा जोड मध्येच सुटणं, एकाच जागी अनेकदा टोचावं लागणं, आधीपासून रक्तात असलेला संसर्ग ही आणखी कारणं. मधुमेह, डायलिसिस, दीर्घकाळ चाललेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा एचआयव्ही असेल तर शरीर या जंतूंना नीट अडवू शकत नाही.

दवाखाना सोडण्याआधी डिस्चार्ज कार्डावर या गोष्टी आहेत का ते बघा. नसतील तर सिस्टरना विनंती करून लिहून घ्या:

- स्पायनल, एपिड्युरल की दोन्ही. कार्डावर नुसतं "एसए" असेल तर ते स्पायनल. "एपिड्युरल" हा शब्द पूर्ण लिहून मागा.
- टोचल्याची तारीख आणि वेळ, नळी काढल्याची तारीख आणि वेळ.
- नळी पूर्ण निघाली, टोक शाबूत होतं, ही नोंद.
- रक्त पातळ ठेवण्याचं इंजेक्शन चालू होतं का.
- रात्री-अपरात्री फोन करता येईल असा नंबर. रिसेप्शनचा नको, वॉर्डाचा किंवा भूलतज्ज्ञांचा घ्या.

हे सगळं मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे कार्ड एका घरात आणि बाळंतीण दुसऱ्या घरात, असं आपल्याकडे नेहमी होतं. अक्कलकोटच्या माहेरी गेलेल्या मुलीचं कार्ड सोलापुरात सासरच्या कपाटात असेल, तर रात्री अकरा वाजता त्याचा काही उपयोग नाही. आणि घरात बाळंतिणीजवळ रात्री झोपणारी आजी किंवा मावशी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी असेल (सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तसंच असतं), तर पुढची धोक्याची लक्षणं तिला तिच्या भाषेत समजावून सांगा. पहिलं लक्षण बहुधा तिलाच दिसतं.

तपासा: घरातल्या किमान दोघांना "कोणत्या तारखेला एपिड्युरल दिलं?" याचं उत्तर पाठ आहे का?

## टप्पा २: पहिले चोवीस तास, बधिरपणा उतरतोय ना?

हा टप्पा संसर्गाचा नाही. पण इथे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं.

औषध बंद केल्यावर पाय हळूहळू मोकळे होतात. शेवटच्या डोसनंतर चार तासांनी गुडघा सरळ ठेवून पाय पलंगावरून उचलता आला पाहिजे, असा ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांनी २०२० मध्ये दिलेला मापदंड आहे. सिझेरियन झालेली बाई टाक्यांच्या दुखण्याने पाय उचलायला बिचकते. तिला घोटा वर-खाली करायला आणि पायाचा अंगठा तुमच्या हाताविरुद्ध दाबायला सांगा. दोन्ही पाय सारखे चालायला हवेत.

पाय मोकळा होऊन पुन्हा जड पडला, किंवा चार तासांनीही उचलत नसेल, तर "उतरेल हळूहळू" म्हणून थांबू नका. आत रक्त साचून नसांवर दाब आल्याची शक्यता असते, विशेषतः रक्त पातळ ठेवण्याचं औषध चालू असेल तर. सिस्टरना सांगा आणि भूलतज्ज्ञांना बोलावल्याशिवाय गप्प बसू नका. लघवी साधारण सहा तासांत व्हायला हवी. नाही झाली तर तेही सांगा.

कळा चालू असताना एपिड्युरलमुळे थोडा ताप येऊ शकतो. तो प्रसूतीनंतर उतरतो. घरी गेल्यावर नव्याने आलेला ताप वेगळा समजायचा.

ऑपरेशननंतर नळी दोन-चार दिवस पाठीत ठेवली असेल तर एक जादा नियम आहे. नळीचा जोड सुटलेला दिसला की तो नातेवाइकांनी परत खोचायचा नाही. हात न लावता सिस्टरना हाक मारा. टोक पुसून पुन्हा बसवून देणारे मदतशीर पाहुणे मी पाहिले आहेत. त्या एका पुसण्याने जंतूंना आत जायची वाट मोकळी होते.

## टप्पा ३: दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत, रोजची पाच मिनिटं

पू होण्याची लक्षणं साधारणपणे काही दिवसांनी, बहुतेकदा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दिसू लागतात. कधी महिनाही लागतो. मेनिंजायटिस मात्र बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच उभा राहतो. म्हणून घरी रोज एकदा, ठरलेल्या वेळी, याच क्रमाने बघायचं.

१. आधी ताप. क्रम महत्त्वाचा आहे. पॅरासिटामॉल किंवा दुखण्याची गोळी देण्याआधी थर्मामीटर लावा, कारण गोळी ताप झाकते. न्हाऊ घातल्यावर किंवा शेगडीजवळून उठल्यावर लगेच मोजू नका, अर्धा तास जाऊ द्या. सोलापूरच्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, दारं-खिडक्या बंद करून ठेवलेल्या बाळंतिणीचं अंग हाताला कायमच गरम लागतं. त्यामुळे हाताने ताप बघणं सोडून द्या. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त म्हणजे ताप. घरात थर्मामीटर नसेल तर आशाताईंकडे असतो. दवाखान्यात बाळंत झालेल्यांकडे त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. बाळाचं वजन करून झालं की आईचाही ताप बघायला सांगा.

२. मग टोचल्याची जागा. तिचा फोटो काढा. रोज त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावरून. पहिले दोन-तीन दिवस बोट लावल्यावर दुखणं, थोडं निळसर दिसणं ठीक आहे. लाली पसरणं, गाठ येणं, पू किंवा पाण्यासारखं काही झिरपणं ठीक नाही. चिकटपट्टीच्या कडेकडेने अगदी चौकोनी आकाराची, खाजणारी लाली दिसली तर ती बहुधा पट्टीची ॲलर्जी असते. पट्टी काढल्यावर ती ओसरते. संसर्गाची लाली अशी आखीव नसते. ती मधल्या टोचल्याच्या ठिपक्याभोवती असते आणि कोमट लागते.

इथे एक मोठी गफलत होते. बाहेरची कातडी स्वच्छ दिसली म्हणजे आत काही नाही, असं नसतं. पू खोलवर, हाडांच्या नळीत असतो. कातडीवर लालीचा मागमूस नसलेले रुग्ण कितीतरी असतात.

३. मग दुखणं. "दुखतंय का?" असं विचारू नका. बाळंतीण "थोडंसं" म्हणणार आणि विषय संपणार. "कालच्यापेक्षा जास्त की कमी?" असं विचारा. साधं दुखणं दिवसागणिक उतरतं, कूस बदलताना किंवा बाळाला घेऊन वाकताना जाणवतं, आडवं पडलं की बरं वाटतं. संसर्गाचं दुखणं चढतं राहतं, एकाच मणक्यावर बोट ठेवून दाखवता येतं आणि रात्री झोपलं तरी सोडत नाही.

४. मग पाय. घोटे वर-खाली, अंगठे वर. उभी राहून टाचांवर चार पावलं, चवड्यांवर चार पावलं. भिंतीजवळ, कुणीतरी सोबत असताना.

५. शेवटी लघवी आणि स्पर्श. बाळंतपणानंतर खोकल्या-शिंकल्यावर थेंबभर लघवी निसटते, त्याची भीती नाही. लघवी भरल्याची जाणीवच न होणं, जोर करूनही न होणं, नकळत ठिबकत राहणं, किंवा धुताना-पुसताना त्या जागी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला स्पर्श न कळणं, ही वेगळी गोष्ट आहे. नवऱ्याने विचारलं तर बायका सांगत नाहीत. हा प्रश्न आईने किंवा बहिणीने विचारावा.

तपासा: पाचही गोष्टी वहीत एका ओळीत, तारखेसह. डॉक्टरांना "बरेच दिवस झाले" यापेक्षा ही ओळ दसपटीने उपयोगी पडते.

## मालीश आणि शेक: थांबायचं कुठे

अंग रगडायला येणारी बाई तिच्या कामात पटाईत असते, आणि मी मालीशच्या विरोधात नाही. पण तिच्या हाताची रीत बघा: कोमट तेलात दोन्ही अंगठे बुडवून माकडहाडापासून मानेपर्यंत मणक्याच्या दोन्ही अंगांनी दाबत नेते, आणि जिथे "हां, तिथंच" असं म्हटलं जातं, तिथे तीन-चार वेळा जोर लावते. ती जागा बहुतेकदा टोचल्याची असते.

म्हणून टोचल्याची खूण पूर्ण कोरडी होईपर्यंत त्या जागेला तेल, हळद, लेप, बाम काहीही नको. पट्टी काढल्यावर साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडं ठेवायचं. हाता-पायांना, खांद्यांना मालीश चालेल. कमरेला हात लावायचा असेल तर आधी सांगायचं की इथे नळी होती. आणि पाठदुखी चढत असेल त्या दिवशी कमरेची मालीश नाही, गरम पाण्याची पिशवी नाही, शेगडीचा शेकही नाही. शेकाने दोन तास बरं वाटतं आणि डॉक्टरांकडे जाणं दोन दिवस लांबतं. नुकसान होतं ते या लांबण्यामुळेच.

## टप्पा ४: कोणतं दुखणं कशाचं

डोकं दुखतंय. उठून बसल्यावर ठणकतं, आडवं झाल्यावर उतरतं, ताप नाही, तर बहुधा सुईने आतली पिशवी टोचली जाऊन पाणी झिरपल्याचं आहे. तेही डॉक्टरांना कळवायचं, पण ते संसर्गाचं नाही. झोपूनही तेवढंच दुखणारं डोकं, सोबत ताप, मान वाकवताना ताठरणं, उजेड सहन न होणं, उलट्या, बोलण्यात भ्रम, यांपैकी काही असेल तर तो मेनिंजायटिस नाही हे दवाखान्यातच ठरू द्या. त्याच तासाला निघा.

ताप आहे, पाठ ठीक आहे. छातीत दूध साठून गाठी येणं, लघवीचा संसर्ग, टाक्यांचा किंवा गर्भाशयाचा संसर्ग, डेंग्यू, मलेरिया, अशी डझनभर कारणं असतात. डॉक्टरांना दाखवायचंच. "दुधाचा ताप" म्हणून अंगावर काढू नका.

पाठ दुखते, ताप नाही. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पाठदुखी, ताप आणि पायांतली कमजोरी अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर निदान सोपं, हे पुस्तकात ठीक आहे. प्रत्यक्षात सुरुवातीला तिन्ही एकत्र असणारे रुग्ण थोडेच. सिझेरियननंतर ठरलेल्या वेळी वेदनाशामक गोळ्या चालू असतात, मग ताप दिसणार तरी कसा? ताप नाही म्हणून संसर्ग नाही, असं मानू नका.

हा आजार चार पायऱ्यांनी चढतो, हे वर्णन १९४८ पासूनचं आहे आणि आजही लागू पडतं:

१. पाठीत एका जागी ठणका.
२. तिथून कमरेला वळसा घालून पोटाकडे, किंवा कुल्ल्यातून पायात उतरणारी वीज चमकल्यासारखी कळ.
३. पायात कमजोरी, मुंग्या, बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा सैल.
४. पाय पूर्ण लुळे.

पहिल्या पायरीवर दिवस मिळू शकतात. तिसरीवरून चौथीवर जायला कधी काही तासच लागतात. आणि पाय लुळे पडून दीड दिवस उलटला की ऑपरेशन करूनही ते परत येण्याची आशा फार थोडी उरते. म्हणून दवाखान्यात पोचायचं ते पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर.

## टप्पा ५: फोन, आणि फोनवर काय बोलायचं

त्याच दिवशी दाखवा: चढती पाठदुखी, टोचल्या जागी लाली, सूज, झिरपणं, पाठदुखीसोबत १००.४ किंवा जास्त ताप. पायात उतरणारी नवी कळ.

आत्ता, या घटकेला निघा: पायात कमजोरी, लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी बधिरपणा, ताप आणि ताठ मान.

फोन आधी जिथे एपिड्युरल दिलं तिथे, आणि शक्यतो भूलतज्ज्ञांना. इथे लोक बिचकतात. "त्यांना दोष देतोय असं वाटेल" म्हणून दुसरीकडे जातात आणि तिथे एपिड्युरलचा उल्लेखच करत नाहीत. नवा डॉक्टर मग साधी बाळंतपणानंतरची कंबरदुखी समजून औषध देतो. त्याची चूक नसते, त्याला अर्धीच गोष्ट सांगितलेली असते.

वाक्य तयार ठेवा. आई फोन करत असेल तर असं: "डॉक्टरसाहेब, माझ्या मुलीला ४ तारखेला तुमच्याकडे कळांसाठी एपिड्युरल दिलं होतं, ५ ला सकाळी नळी काढली. सहा दिवस बरी होती. परवापासून टोचल्या जागी दुखणं रोज वाढतंय, रात्री झोप नाही, काल १०१ ताप होता. पाय चालतात, लघवी होते. मणक्यात संसर्ग असेल का? एमआरआय लागेल का?" शेवटचे दोन प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. ते विचारायचेच.

गाडी नसेल तर १०८. बाळंतीण आणि बाळासाठी १०२ चीही सोय आहे, पण पाय कमजोर झाले असतील तर १०८ च लावा. तालुक्याच्या गावी एमआरआय आणि मेंदू-मणक्याचे सर्जन दोन्ही मिळतीलच असं नाही. मंगळवेढा, मोहोळ, अक्कलकोट, बार्शीकडून येताना निघण्याआधी फोनवर दोनच गोष्टी विचारा: एमआरआय आत्ता चालू आहे का, आणि न्यूरोसर्जन आज उपलब्ध आहेत का. दोन्हींचं उत्तर "हो" असेल तिथेच थेट जा. करमाळा किंवा माळशिरसकडच्यांना सोलापूरपेक्षा दुसरी दिशा जवळची पडू शकते, तेही बघा. शहरात सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. खर्चाची चिंता असेल तर रुग्णालयात पोचल्यावर आरोग्यमित्रांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा. पण आधी पेशंट आत, मग कागद.

निघण्याआधी करू नका:

- घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या देऊ नका. पू जात नाही, पण रक्ताच्या तपासणीत जंतू सापडेनासा होतो.
- "सूज उतरायचं" म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. एका रात्रीत बरं वाटतं आणि आतला संसर्ग मोकाट सुटतो.
- खायला घालून पाठवू नका. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. किती वेळ उपाशी ठेवायचं ते फोनवर विचारा.

## टप्पा ६: दवाखान्यात, तपासण्यांचा क्रम

आधी अंगावर तपासणी. पायांची ताकद, स्पर्श, गुडघ्याचे झटके. डॉक्टरांनी हे न बघता थेट कागद लिहिला तर "पायांची ताकद बघता का?" असं नम्रपणे म्हणा.

मग रक्त. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी आणि ईएसआर (शरीरातली सूज-संसर्ग दाखवणारे आकडे), साखर, किडनीची तपासणी, आणि अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ब्लड कल्चर (रक्तात कोणता जंतू आहे ते शोधणारी तपासणी). पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्या तरी निश्चिंत होऊ नका, अशा रुग्णांत त्या नॉर्मल असू शकतात. उलट बाळंतपणानंतर ईएसआर आणि सीआरपी तसेही वाढलेले असतात. तेव्हा एका आकड्यावर काहीच ठरत नाही. सीआरपी दोन दिवसांत चढतोय की उतरतोय, ते जास्त बोलकं.

मग एमआरआय, कॉन्ट्रास्टसह (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून औषध देऊन). निदान पक्कं करणारी तपासणी हीच. एक्स-रेत सुरुवातीला काही दिसत नाही, आणि "एक्स-रे नॉर्मल आहे" या चार शब्दांनी किती जण निवांत घरी परततात! पाय कमजोर होत असतील तर रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत एमआरआय थांबवायचा नसतो.

वेळ वाया जाऊ नये म्हणून घरूनच तयारी करून निघा. मंगळसूत्र, बांगड्या, नथ, पैंजण, केसांच्या पिना घरीच काढून ठेवा. जोडवी बाळंतपणातल्या सुजेने बोटात रुततात आणि एमआरआयच्या दारात अर्धा तास त्यातच जातो. साबणाच्या पाण्याने घरीच काढा. प्रसूतीनंतर लगेच तांबी बसवली असेल तर सांगा. सहसा तिच्यामुळे एमआरआय अडत नाही, पण तंत्रज्ञाला माहीत हवं. कॉन्ट्रास्ट दिल्यावर अंगावर पाजणं बंद करावं लागत नाही. बाळाला सांभाळायला एक माणूस वेगळा आणा.

पाठीतलं पाणी काढण्याची तपासणी. मेनिंजायटिसची शंका असेल तर लागते. पण कमरेत पू असल्याची शंका असताना तिथूनच सुई घालणं धोक्याचं, कारण पू आतल्या पाण्यात पसरू शकतो. म्हणून आधी एमआरआय आणि मग हा निर्णय.

एक स्थानिक अडचण. पाठदुखी आणि ताप म्हटलं की आपल्याकडे मणक्याचा टीबी आठवतो, आणि आठवायलाच हवा. पण टीबी सहसा आठवड्या-महिन्यांनी हळूहळू वाढतो, वजन उतरतं, भूक मरते. एपिड्युरलनंतर दहा दिवसांत चढलेलं दुखणं आधी जंतूंचा पू समजून तपासायचं. पू किंवा उतीचा नमुना घेण्याआधी टीबीच्या गोळ्या सुरू करायची घाई नको. नमुना घेतला तर त्याची टीबीसाठीही तपासणी करून घ्या.

## टप्पा ७: निदान झाल्यावर

पायांत कमजोरी असेल किंवा पू मोठा असेल तर मणक्याचं हाड थोडं काढून पू बाहेर काढतात आणि नसांवरचा दाब मोकळा करतात. हे ऑपरेशन "उद्या सकाळी बघू" या यादीतलं नाही. घरच्या सगळ्यांना विचारून, मामा पुण्याहून आल्यावर सही करू, असं करण्यात रात्र घालवू नका. कमजोरी अजिबात नसेल आणि पू थोडा असेल तर नुसत्या शिरेतल्या अँटिबायोटिकवर, पायांची ताकद वारंवार तपासत, ठेवता येतं. तो निर्णय सर्जनचा.

अँटिबायोटिक दोन्ही प्रकारांत लांबतं: साधारण चार ते आठ आठवडे, बराच काळ शिरेतून. कल्चरमध्ये जंतू कळला की औषध त्यानुसार बदलतात. म्हणून तो रिपोर्ट आला का, हे तुम्हीही विचारत राहा. दहाव्या दिवशी दुखणं थांबतं, ताप उतरतो, बाळ घरी रडत असतं आणि सगळ्यांना डिस्चार्ज हवा असतो. याच टप्प्यावर औषध अर्धवट सुटतं आणि पू परत धरतो. व्हॅन्कोमायसिन नावाचं अँटिबायोटिक चालू असेल तर किडनीची तपासणी ठरलेल्या दिवशी करा. अंगावर पाजते हे प्रत्येक नव्या औषधाआधी सांगा.

## सायटिकासाठी स्टेरॉइड घेणाऱ्यांनी हे वेगळं वाचावं

दिवसभर वाकून विड्या वळणाऱ्या बायका, पॉवरलूमवर उभे राहणारे कामगार, एसटीचे चालक, यांच्या कमरेला हे इंजेक्शन पुष्कळदा मिळतं. त्याचं वेळापत्रक बाळंतिणीपेक्षा वेगळं असतं. स्टेरॉइड ताप आणि सूज दोन्ही झाकतं, त्यामुळे लक्षणं उशिरा आणि पुसट दिसतात. कधी कित्येक आठवड्यांनी. खूण अशी: इंजेक्शनने कळ उतरली आणि मग पूर्वीपेक्षा वेगळ्या जातीचं, मणक्याच्या मधोमध, रात्री ठणकणारं दुखणं सुरू झालं.

मधुमेह असेल तर इंजेक्शनआधी साखर तपासून घ्या, खूप वाढलेली असेल तर तारीख पुढे ढकला. नंतरचे काही दिवस साखर चढते, रोज बघा. अंगावर कुठे गळू, पायाला चिघळलेली जखम, दाताला पू असेल तर आधी ते बरं करा. आणि डॉक्टरांना विचारा की औषधाची बाटली माझ्यासाठी नवीन फोडणार ना. अमेरिकेत २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका औषध बनवणाऱ्या केंद्रातल्या स्टेरॉइडच्या बाटल्यांमध्ये बुरशी निघाली. २० राज्यांत ७५३ जणांना संसर्ग झाला आणि ६४ जण दगावले. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांचा हात तिथे स्वच्छच होता, बाटलीच दूषित होती.

## पुढच्या वेळी

पुढच्या बाळंतपणात किंवा ऑपरेशनमध्ये भूलतज्ज्ञांना आठव्या-नवव्या महिन्यातच भेटा, कळा सुरू झाल्यावर नाही. जुनं डिस्चार्ज कार्ड, एमआरआयची फिल्म आणि तिचा रिपोर्ट, कल्चरचा कागद आणि ऑपरेशन झालं असेल तर त्याची नोंद सोबत न्या. पुन्हा पाठीतून भूल द्यायची की नाही, दिली तर कोणत्या मणक्यात, हे ते कागद बघूनच ठरतं. आणि फिल्म उन्हात किंवा पत्र्याखालच्या पेटीत ठेवू नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती चिकटते. शक्य असेल तर केंद्राकडून सीडी किंवा मोबाइलवर येणारी लिंक मागून घ्या आणि घरातल्या दोन फोनवर साठवून ठेवा.